तुटलेल्या स्प्रिंगचा हिशेब

सकाळी बाजारपेठेतून शाळेला जाताना दुकाने उघडताना तुम्ही नेहमी पाहता. दुकानदार कुलूप काढतो, शटरच्या खालच्या कडेला हात घालून एक हिसका देतो आणि खडखडाट करीत ते लोखंडी शटर वर जाते. दुकानदार काही पैलवान नसतो. कित्येकदा तर कामावर असलेला पोरसवदा मुलगाच हे काम करतो. शटर मात्र चांगले पन्नास-साठ किलोग्रॅम वजनाचे असते. एवढे वजन जमिनीवरून उचलून डोक्याच्या वर नेऊन ठेवा असे सांगितले, तर आपल्यापैकी फार थोड्यांना ते जमेल. मग शटर इतक्या सहज वर कसे जाते?

याचे उत्तर दुकानाच्या कपाळावर बसवलेल्या पत्र्याच्या पेटीत दडलेले असते. शटर ज्या नळीवर गुंडाळले जाते, त्या नळीवर पोलादी स्प्रिंगा बसवलेल्या असतात. रात्री शटर खाली ओढताना दुकानदार नकळत या स्प्रिंगांना पीळ देतो. सकाळी त्या पीळ सोडतात आणि त्याला मदत करतात. म्हणजे सकाळच्या कामाचे श्रम त्याने आदल्या रात्रीच करून ठेवलेले असतात!

हीच युक्ती अमेरिकेत घरोघरी वापरतात. तेथे मोटार ठेवण्याची खोली, म्हणजे गॅरेज, पुष्कळदा घरालाच जोडलेले असते आणि त्याचे रुंद दार वर सरकणारे असते. तुमचे कोणी काका, मामा किंवा आतेभाऊ न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात राहत असतील, तर त्यांच्या तोंडून ही तक्रार तुम्ही ऐकली असण्याचा संभव आहे : "गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटली. अडीचशे डॉलर गेले!" अडीचशे डॉलर म्हणजे आपले वीस हजारांहून अधिक रुपये. ऐकणाऱ्याला वाटते, स्प्रिंग म्हणजे शेवटी पोलादाची गुंडाळलेली तार. तिला एवढे पैसे कशाचे? कारागिराने लुबाडले की काय?

लुबाडणूक असू शकते. नाही असे नाही. पण प्रामाणिक कारागिराचे बिलही तेथे साधारणपणे दीडशे ते साडेतीनशे डॉलरांच्या दरम्यान होते. हे पैसे नेमके कशाचे असतात, हे समजून घ्यायचे तर आधी स्प्रिंग काय काम करते ते पाहायला हवे. तर मग हा हिशेब आपण मांडू या. तो थोडा पदार्थविज्ञानाचा आहे आणि थोडा साध्या अंकगणिताचा.

दाराची रचना

मोटारी नव्या होत्या, तेव्हा त्या घोड्यांच्या तबेल्यासारख्या खोल्यांत ठेवीत आणि त्यांना तबेल्यासारखीच बाहेर उघडणारी दोन फळ्यांची दारे असत. दारासमोर बर्फ साचले की ही दारे उघडणे कठीण होई. १९२१ साली सी. जी. जॉन्सन या अमेरिकन गृहस्थाने वर उचलले जाणारे दार तयार केले. आजच्या दारांची मूळ कल्पना तीच आहे.

हे दार आपल्या शटरसारखे नळीवर गुंडाळले जात नाही. ते चार-पाच आडव्या पट्ट्यांचे असते आणि पट्ट्या एकमेकींना बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात. पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना लहान चाके असतात. ही चाके दोन बाजूंच्या रुळांतून धावतात. रूळ आधी सरळ वर जातात आणि मग वळून छताला समांतर होतात. त्यामुळे दार उघडले की एकेक पट्टी वर जाऊन छताखाली आडवी होते.

दाराच्या वर भिंतीलगत एक आडवा लोखंडी दांडा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी दोन चाके घट्ट बसवलेली असतात. प्रत्येक चाकावर एक पोलादी दोर गुंडाळलेला असतो व दोराचे दुसरे टोक दाराच्या तळच्या कोपऱ्याला बांधलेले असते. दांड्याच्या मध्यभागी, त्याच्याभोवती वेटोळे घातलेल्या दोन जाड स्प्रिंगा असतात. स्प्रिंगेचे एक टोक भिंतीला पक्के केलेले असते आणि दुसरे दांड्याला. दार खाली आले की दोर सुटतो, चाके फिरतात, दांडा फिरतो आणि स्प्रिंगेला पीळ बसतो. दार वर न्यायचे तेव्हा स्प्रिंग दांड्याला उलट फिरवते आणि दोर गुंडाळला जातो.

अशी स्प्रिंग तुमच्या घरातही आहे. कपडे वाळत घालायचा चिमटा हातात घ्या. त्याच्या मधोमध तारेचे वेटोळे असते व तारेची दोन टोके चिमट्याच्या दोन पायांना दाबून धरतात. उंदराच्या सापळ्यातही हाच प्रकार असतो. गॅरेजची स्प्रिंग म्हणजे या चिमट्यातील स्प्रिंगेची थोरली बहीण समजा.

वजन कमी होत जाते, पीळही कमी होत जातो

आता एक शंका घ्या. स्प्रिंग जितकी जास्त पिळावी, तितकी ती जास्त जोराने उलटते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने स्प्रिंगांचा हा नियम १६७८ साली प्रसिद्ध केला. पीळ दुप्पट केला तर जोर दुप्पट. पीळ निम्मा केला तर जोर निम्मा. मग दार वर जाऊ लागले, पीळ सुटू लागला, की स्प्रिंगेचा जोर कमी होणार. दाराचे वजन तर तेवढेच राहणार. असे असेल तर दार अर्ध्यावर जाऊन परत खाली यायला हवे!

पण तसे होत नाही. दाराचे वजन तेवढेच राहते हे खरे; परंतु दोराला टांगलेले वजन तेवढेच राहत नाही. वर जाऊन आडव्या झालेल्या पट्ट्यांचे वजन रूळ पेलतात. दार निम्मे उघडले म्हणजे निम्म्याच पट्ट्या दोराला टांगलेल्या असतात. पाऊण उघडले म्हणजे पावच उरतात. इकडे स्प्रिंगेचा जोर ज्या प्रमाणात घटतो, जवळजवळ त्याच प्रमाणात तिकडे वजनही घटते. त्यामुळे दार कोठेही सोडले तरी ते जवळपास तिथल्या तिथे राहते. नीट जुळवलेले ८० किलोग्रॅमचे दार एका हाताने उचलता येते. हाताला जाणवतो तो केवळ चाकांचा घर्षणविरोध आणि दोहोंतील किरकोळ फरक.

आपल्या दुकानाच्या शटरलाही हेच तत्त्व लागू पडते. नळीवर गुंडाळला गेलेला भाग टांगलेला राहत नाही, तो नळीवर विसावतो.

अमेरिकेत बहुतेक दारांना विजेची मोटर असते. मोटरच दार उचलते असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक दार उचलते ती स्प्रिंग. मोटर फक्त घर्षणावर मात करते आणि दार हलवते. म्हणून स्प्रिंग तुटली की मोटर नुसतीच घुरघुरते. दार वितभर वर येते न येते तोच थांबते आणि आत अडकलेली मोटार बाहेर काढता येत नाही.

स्प्रिंगेत किती ऊर्जा साठते?

दोन मोटारींच्या गॅरेजचे दार सुमारे ४.९ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच असते. साध्या पत्र्याच्या अशा दाराचे वजन ८० किलोग्रॅम धरू. लाकडी दार याच्या दुप्पटही भरेल.

८० किलोग्रॅमवर पृथ्वीचे आकर्षण ८० × ९.८ म्हणजे ७८४ न्यूटन. दार पूर्ण उघडले की सर्वांत खालची पट्टी जवळजवळ २.१ मीटर वर जाते, पण सर्वांत वरची पट्टी जेमतेम हलते. ती फक्त आडवी होते. म्हणून सरासरी उचल २.१ मीटरच्या निम्मी, म्हणजे १.०५ मीटर घ्यावी लागेल. तेव्हा एकदा दार उघडायला लागणारी ऊर्जा झाली :

७८४ × १.०५ = सुमारे ८२३ ज्यूल.

आता हाच हिशेब स्प्रिंगेच्या बाजूने करून पाहू. दोर गुंडाळणारे चाक १० सेंटिमीटर व्यासाचे असते. त्याचा परीघ ३१.४ सेंटिमीटर. २१० सेंटिमीटर दोर गुंडाळायला त्याचे २१०/३१.४ म्हणजे ६.७ फेरे होतील. दार बंद असताना दांड्यावर येणारे परिबल, म्हणजे फिरवणारा जोर, ७८४ न्यूटन गुणिले चाकाची त्रिज्या ०.०५ मीटर, म्हणजे सुमारे ३९ न्यूटन-मीटर. दार उघडेपर्यंत हे परिबल शून्याच्या जवळ येते, म्हणून सरासरी त्याच्या निम्मी घेऊ : १९.६. कार्य म्हणजे परिबल गुणिले फिरलेला कोन. कोन ६.७ × २ × ३.१४, म्हणजे ४२ रेडियन. गुणाकार करा. उत्तर पुन्हा सुमारे ८२३ ज्यूल येते. दोन वेगळ्या वाटांनी गेलो, तरी एकाच ठिकाणी पोचलो. उचललेल्या दाराची स्थितिज ऊर्जा आणि सुटलेल्या स्प्रिंगेची ऊर्जा एकच आहे, फक्त तिने घर बदलले.

८२३ ज्यूल म्हणजे किती? क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो. वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूत सुमारे १२० ज्यूल गतिज ऊर्जा असते. म्हणजे बंद दाराच्या दोन स्प्रिंगांमध्ये मिळून असे जवळजवळ सात चेंडू दबा धरून बसलेले असतात! प्रत्यक्षात थोडी जास्तच ऊर्जा असते. दार पूर्ण उघडल्यावरही दोर सैल पडू नये म्हणून पाऊण-एक फेरा पीळ राखून ठेवावा लागतो, आणि त्यामुळे बंद दाराच्या स्प्रिंगेला एकूण सुमारे साडेसात फेरे पीळ असतो.

मग ती तुटते का?

एक पेपर क्लिप किंवा बारीक लोखंडी तार घ्या. ती एकदा वाकवा; तुटत नाही. परत सरळ करा, पुन्हा वाकवा. असे करीत राहिलात तर काही फेऱ्यांनंतर ती कट्‌कन तुटते. शेवटच्या वेळी तुम्ही काही जास्त जोर लावलेला नसतो. पहिल्या वेळी जी तार सहज टिकली, तीच तेवढ्याच जोराने शेवटी तुटली. याला धातूचा शिणवटा म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे सुरू झाली तेव्हा आगगाडीच्या डब्यांचे आस, म्हणजे चाकांना जोडणारे दांडे, काही काळ चांगले चालून अचानक मोडत. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ एंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. पुढे आउगुस्ट व्हलर या जर्मन अभियंत्याने अनेक वर्षे पद्धतशीर प्रयोग करून दाखवले, की धातूचे आयुष्य त्यावर जोर किती पडला एवढ्यावरच ठरत नाही, तर तो किती वेळा पडला यावरही ठरते. जोर कमी असेल तर फेऱ्या जास्त सोसतात. जोर जास्त असेल तर फेऱ्या लवकर संपतात.

स्प्रिंगेच्या बाबतीत नेमके हेच घडते. पीळ दिला की वेटोळ्यातील तार प्रत्येक ठिकाणी किंचित वाकते. वाकवलेल्या तारेच्या एका अंगाला ताण पडतो, दुसऱ्या अंगाला दाब. सर्वांत जास्त प्रतिबल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर येणारा जोर, तारेच्या पृष्ठभागावर असते. तेथे एखादा ओरखडा किंवा गंजाचा बारीक खड्डा असला की त्याच्या तळाशी केसापेक्षाही बारीक तडा सुरू होतो. दार उघडले आणि लागले की तडा अगदी अणुमात्र पुढे सरकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. एके दिवशी उरलेले पोलाद पुरेनासे होते आणि बंदुकीचा बार उडावा तसा आवाज होऊन स्प्रिंग तुटते. पुष्कळदा हे दार बंद असताना होते, कारण पीळ तेव्हाच सर्वांत जास्त असतो. सकाळी पाहावे तर स्प्रिंगेच्या दोन तुकड्यांमध्ये चार-पाच सेंटिमीटरची फट दिसते. पीळ भरताना दर फेऱ्याला एक वेटोळे वाढून स्प्रिंग तारेच्या जाडीइतकी लांब झालेली असते. तुटल्यावर पीळ सुटतो आणि ती पुन्हा आखूड होते. फट पडते ती त्यामुळे.

नेहमीच्या स्प्रिंगा सुमारे १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. दार एकदा उघडून बंद झाले म्हणजे एक फेरी. घरातील माणसे दिवसातून चार वेळा दार वापरत असतील तर १०,००० भागिले ४ म्हणजे २,५०० दिवस, जवळजवळ सात वर्षे. दिवसातून दोनदाच वापरले तर चौदा वर्षांच्या आसपास. बारा वेळा वापरले तर सव्वादोन वर्षे. म्हणून "स्प्रिंग किती वर्षे टिकेल?" हा प्रश्नच चुकीचा आहे. स्प्रिंगेला वर्षे ठाऊक नसतात. तिला फेऱ्या ठाऊक असतात.

पैसे कशाचे?

आता बिलाकडे वळू. दोन स्प्रिंगांमध्ये मिळून सुमारे सात किलोग्रॅम पोलाद असते. हे पोलाद साध्या सळईचे नव्हे. ते तापवून, तेलात बुडवून थंड करून, पुन्हा माफक तापवून कणखर केलेले असते. तरीसुद्धा नुसत्या पोलादाची किंमत बिलाचा लहान भागच असते. स्प्रिंग वळवणे, तिच्या टोकांना बसणारे भाग, विक्रेत्याचा नफा हे धरूनही बिलाचा मोठा वाटा उरतोच. तो आहे कारागिराच्या येण्याजाण्याचा, त्याच्या वेळेचा आणि त्याच्या कौशल्याचा.

हे कौशल्य कसले? नवी स्प्रिंग दांड्यावर बसवली की ती सैल असते. तिला साडेसात फेरे पीळ हाताने द्यावा लागतो. स्प्रिंगेच्या टोकाच्या भागाला चार भोके असतात. त्यांत सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीच्या दोन पोलादी कांबी आळीपाळीने घालून कारागीर दर वेळी पाव फेरा फिरवतो. एका स्प्रिंगेसाठी असे तीस पाव फेरे. शेवटी एका स्प्रिंगेचे परिबल सुमारे २० न्यूटन-मीटर असते, म्हणजे कांबीच्या टोकाला हाताला फक्त साडेचार किलोग्रॅमचा भार जाणवतो. एवढे तर कोणीही पेलेल, असे वाटते ना?

येथेच फसगत होते. जोर थोडा आहे, पण मागे ऊर्जेचा साठा मोठा आहे. कांब नीट बसली नाही, किंवा कोणी कांबीऐवजी स्क्रू-ड्रायव्हर वापरला आणि तो निसटला, तर चारशे ज्यूलहून अधिक ऊर्जा एका क्षणात सुटते आणि हातातील लोखंड गरगर फिरून माणसाच्या अंगावर येते. अशा कामात बोटे, मनगटे मोडल्याची आणि डोक्याला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे आहेत. साडेसात फेऱ्यांचा पीळ शिल्लक असलेल्या स्प्रिंगेचा स्क्रू सैल करणे म्हणजे ताणलेल्या धनुष्यासमोर उभे राहून दोरी कापणे होय. स्प्रिंग तुटलेले दार हाताने उचलणेही तितकेच वाईट, कारण आता त्या ८० किलोग्रॅमना कोणाचाच आधार नसतो. हात निसटला की सगळे दार खाली येते.

तेव्हा अडीचशे डॉलरांतला एक भाग पोलादाचा आहे, आणि मोठा भाग आठशे ज्यूल ऊर्जा कोणालाही इजा न होता साठवून देण्याचा आहे. कारागीर एक स्प्रिंग तुटली असताना दोन्ही बदलायला सांगतो, त्यामागेही हाच हिशेब असतो. दोन्ही स्प्रिंगांनी एकाच दिवशी काम सुरू केले, दोघींच्या फेऱ्या तेवढ्याच झाल्या. एक गेली म्हणजे दुसरीचेही दिवस भरत आले. ती दोन-चार महिन्यांनी तुटली, तर येण्याजाण्याचे व मजुरीचे पैसे पुन्हा द्यावे लागतील.

जाड तार घेतली तर?

स्प्रिंग लवकर तुटू नये असे वाटत असेल तर काय करावे? तारेतील प्रतिबल कमी करावे. त्यासाठी जाड तार घ्यावी. पण नुसती जाड तार घेतली तर स्प्रिंग फार ताठ होईल आणि दार वर भिरकावले जाईल. म्हणून वेटोळ्यांची संख्याही वाढवावी लागते. जाड तार आणि जास्त वेटोळी, म्हणजे जास्त पोलाद.

किती जास्त? येथे एक सुंदर नियम उपयोगी पडतो. पोलादाच्या दर घन सेंटिमीटरमध्ये साठणारी ऊर्जा प्रतिबलाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दार तेच, म्हणजे साठवायची ऊर्जा तीच. मग प्रतिबल १० टक्क्यांनी कमी केले, म्हणजे ०.९ पट केले, तर दर घन सेंटिमीटरमधील ऊर्जा ०.८१ पट होईल आणि पोलाद १/०.८१ म्हणजे सुमारे १.२३ पट लागेल. सात किलोग्रॅमच्या ठिकाणी साधारण ८.६ किलोग्रॅम.

पोलाद एक-चतुर्थांशाहूनही कमी वाढले. आयुष्य किती वाढेल? शिणवट्याच्या नियमानुसार प्रतिबलातील छोटी घट फेऱ्यांची संख्या पुष्कळ वाढवते. एवढ्या घटीने आयुष्य साधारण दुप्पट होते असे धरू. आता समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरा. येण्याजाण्याचे व मजुरीचे १५० डॉलर, नेहमीच्या स्प्रिंगांचे १०० डॉलर, एकूण २५०. जाड तारेच्या स्प्रिंगांचे १२५ डॉलर, मजुरी तीच, एकूण २७५.

नेहमीची स्प्रिंग : २५० डॉलर, १०,००० फेऱ्या. दर फेरीला अडीच सेंट.
जाड तारेची स्प्रिंग : २७५ डॉलर, २०,००० फेऱ्या. दर फेरीला सुमारे १.४ सेंट.

बिल २५ डॉलरांनी वाढले, पण २०,००० फेऱ्यांच्या काळात दुसऱ्या दुरुस्तीचे २५० डॉलर वाचले. बिलाची रक्कम आणि खरी किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या अशा. अर्थात, दोन वर्षांनी घर विकून जाणाऱ्याला किंवा दिवसातून एकदाच दार उघडणाऱ्याला हा जादा खर्च कदाचित परवडणार नाही. हिशेब प्रत्येकाने आपापल्या फेऱ्या मोजून करावा.

मग कधीच न तुटणारी स्प्रिंग का करीत नाहीत? समजा, प्रतिबल निम्मे केले. त्याच नियमाने पोलाद चौपट लागेल, अठ्ठावीस किलोग्रॅम! स्प्रिंगेची लांबी तिपटीहून जास्त होईल व ती दांड्यावर जेमतेम मावेल. आयुष्य मात्र घराच्या आयुष्यापेक्षाही जास्त होईल. न तुटणारी वस्तू करता येत नाही असे नाही. ती करणे प्रत्येक वेळी शहाणपणाचे ठरत नाही, इतकेच.

आपल्याकडील स्प्रिंगा

आपल्या बाजारातील शटरची स्प्रिंग तारेची असो की घड्याळासारख्या गुंडाळलेल्या पोलादी पट्टीची असो, नियम हेच. दुकानाचे शटर दिवसातून दोनदा उघडते, दुपारच्या सुट्टीमुळे. कोकणात किंवा मुंबईत त्यात खाऱ्या, दमट हवेची भर पडते. गंजाचा प्रत्येक खड्डा म्हणजे तड्याला आयती जागा. म्हणून पावसाळ्यापूर्वी तेल-ग्रीस करून घेणारा दुकानदार खरोखर पोलादाच्या फेऱ्या विकत घेत असतो, आणि त्याही फार स्वस्तात. एस. टी. गाड्यांच्या चाकांवरील पाटे मोडतात तेही याच शिणवट्याने. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्यांच्या फेऱ्या लवकर भरतात.

शटर एकदम जड लागू लागले, वाकडे चढू लागले किंवा वरून 'कट्' असा आवाज आला, तर हिसके देऊन ते चढवू नये. पेटी उघडून पाहण्याचा मोह तर मुळीच धरू नये. माहीतगार कारागिराला बोलवावे.

करून पाहा

१. एकाच बंडलातल्या बारीक तारेचे सारख्या लांबीचे दहा तुकडे घ्या. पाच तुकडे दर वेळी काटकोनापर्यंत वाकवून सरळ करा आणि तुटेपर्यंतच्या फेऱ्या मोजा. उरलेले पाच त्याच्या निम्म्या कोनापर्यंतच वाकवा. दोन्ही गटांची सरासरी काढा. फेऱ्या दुप्पट झाल्या की त्याहून जास्त? डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून तार चेहऱ्यापासून दूर धरा.

२. तराजूच्या काट्याला, म्हणजे स्प्रिंगकाट्याला, एक जड साखळी टांगा. काटा हळूहळू खाली न्या, म्हणजे साखळी टेबलावर साचत जाईल. टांगलेली लांबी आणि काट्याचे वाचन यांचा आलेख काढा. दाराच्या पट्ट्या आडव्या होताना काय घडते, ते या आलेखात दिसेल.

३. तुमच्या ओळखीच्या एखाद्या दुकानदाराला विचारा : शटरची स्प्रिंग शेवटची कधी बदलली, किती खर्च आला आणि दिवसातून शटर किती वेळा उघडते? त्यावरून दर फेरीचा खर्च काढा. उत्तर पैशांत येईल. दुकानदाराला ते दाखवा. त्यालाही ते नवीनच असेल.